बॉनेट उघडलं की गल्ली जमते

कोल्हापुरात गाडीचं बॉनेट उघडणं ही खाजगी बाब नाही. घरात भांडण झालं तर शेजारी निदान ऐकू न आल्यासारखं करतात. बॉनेटचा खटका वाजला की मात्र चपला न घालता येतात.

बहीण कणकवलीला असते. तिच्याकडे जायचं म्हणजे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा. म्हणून निघण्याआधी टायर, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर, लाइट बघायचे, हा माझा नेम. काम पंधरा मिनिटांचं. इंजिन आणि टायर थंड असावे लागतात, म्हणून भल्या सकाळी. तेव्हा गल्ली झोपलेली असेल असं कुणालाही वाटेल. पण आमच्या पेठेत त्या वेळी निम्मी गल्ली तालमीतून परत येत असते आणि उरलेली गंगावेशीतलं धारोष्ण दूध पिऊन.

"काय भावा, बंद पडली व्हय?"

"नाही, बघतोय जरा."

"चालू गाडी कशाला बघालायस?"

याला उत्तर नाही. चालत्या गाडीला डिवचू नये, असं आमच्याकडचं शास्त्र आहे.

ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग बाहेर काढून ऑइल दोन खुणांच्या मधे आहे का बघायचं. एवढंच. शेजारच्या आबांना एवढ्यानं भागत नाही. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. पट्टीवरचा थेंब ते अंगठा आणि तर्जनीत चोळतात, डोळे मिटतात, वास घेतात. "कस हाय अजून." मग पुसायला फडकं सापडत नाही म्हणून माझ्या पांढऱ्या गाडीच्या दाराला हात टेकतात.

कूलंट लवकर उरकतं, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत असतोच आणि तो बाकीच्यांना लांब ठेवतो. ब्रेक ऑइल मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. त्याची पातळी उतरली म्हणजे एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठं तरी गळती आहे. घाटात उतरताना सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि पकड सुटत जाते, म्हणून खालच्या गियरवर उतरायचं. हे मी दर वेळी सांगतो. दर वेळी कुणी तरी म्हणतं, "आमचं आजोबा न्यूट्रलवर उतरायचं." आजोबांचं पुढं काय झालं, ते सांगत नाहीत.

खरी जत्रा टायरला. हवा किती हवी ते दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं. माझ्या गाडीला 33. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना 35 टाकतो, शिवाय तिथं पोचेपर्यंत टायर तापून आकडा चढलेला असतो. म्हणून मी स्वतःचा गेज घेतला. आता तो प्रत्येकाला लावून बघायचा असतो. फुस्स, 33. "आण इकडं." फुस्स, 32. "तुला धरता येत नाही रं." फुस्स, 31. धाकट्या पोरांचे हात लागेपर्यंत 29. शेवटी पंपावर जावंच लागतं. तिथं 35 टाकतात.

टायरवर कोरलेल्या नंबराच्या शेवटी चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "टायरला कसली एक्सपायरी? ब्रेड हाय व्हय त्यो?" नक्षीची खोली नियमानं किमान 1.6 मिलिमीटर हवी, एवढं म्हणायचा अवकाश, आबा घरात गेले आणि व्हर्नियर घेऊन आले. चड्डी-बनियनवर उकिडवे बसून त्यांनी चारही चाकं मोजली, खाचेत अडकलेला खडा नखानं काढला, आकडा दोनदा वाचला. "साडेतीन. झिरो एरर धरून."

ब्रेक लाइट बघायला मागं माणूस उभा करावा लागतो. माणसांना तोटा नाही, पण एक म्हणतो लागला, दुसरा म्हणतो डावा मंद हाय, तिसरा फोनवर असतो. मग आई येते आणि चाकाखाली लिंबू ठेवते. त्या तपासणीबद्दल गल्लीत दुमत नसतं.

आणि सगळं झाल्यावर, डिकी दाबून भरल्यावर, आबा विचारतात, "स्टेपनी बघितलास काय?"

स्टेपनी सगळ्यांत खाली. वर बहिणीसाठी गुळाचा रवा म्हणजे ढेप, काकवीचे डबे, वर्षाची कांदा-लसूण चटणी. सगळं रस्त्यावर काढलं. जॅक सापडला, पाना सापडला. तेवढ्यात मागून आवाज आला, "गूळ कुठनं आणलासा ओ?" कुणी म्हणालं रंग जास्तच पिवळा आहे, पावडर टाकली असणार. कुणी म्हणालं चव घेतल्याशिवाय काय कळतंय. रव्याचा कोपरा फुटला. स्टेपनीतली हवा मी एकट्यानंच मोजली.