चारी बाजूंनी पाणी

नागपुरात भांडणाला जागा मुबलक आहे. दादा रागावला की स्कूटर काढून फुटाळ्यावर जातो, वहिनी रुसल्या की महालातले माहेर गाठतात, आणि कोणाचीच बाजू घेणे परवडणार नसेल तेव्हा मी तर्री-पोहे खायला बाहेर पडतो. एकत्र कुटुंब प्रेमावर टिकते, असे आई म्हणते. ते स्कूटरवर टिकते, असे माझे मत अंदमानात झाले.

ज्या बेटाला दादा २०१८ च्या नामांतरानुसार स्वराज द्वीप आणि वहिनी मुद्दाम हॅवलॉक म्हणत होत्या, तिथून बोटीची परतीची तिकिटे आधीच काढलेली असल्यामुळे, रागावून निघून जायचे तरी परवाच्या सकाळपर्यंत थांबणे भाग होते. त्यातून घड्याळ नागपूरचेच, पण बेट इतके पूर्वेला, की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगरच्या किनाऱ्यावरून अंधार पडता पडता खोलीत परतलो, तेव्हा जेवणाला चांगला अवकाश होता, आणि एवढ्या वेळात कोणतेही सुशिक्षित कुटुंब जुने हिशेब काढतेच.

आमच्याकडे ते खरोखरीच्या वहीत होते. दादाने पान उलटले. ‘शहाळी सहा, माणसे पाच’, आणि खाली शिसपेन्सिलीची दुहेरी रेघ. “सहावे कोणाचे?” असे त्याने पंख्याकडे पाहून विचारले. माझ्या पत्नीने शांतपणे सांगितले, की सहावे आईंनाच दुसऱ्यांदा दिले, कारण बोटीत त्यांना उलटी झाली तेव्हा बाकीची मंडळी फोटो काढत होती. त्यावर वहिनींनी, बाबांच्या आजारपणात इस्पितळात रात्री कोण जागत होते, हा प्रश्न काढला. शहाळ्यापासून मानेवाड्याच्या प्लॉटपर्यंत आम्ही चहा निवायच्या आत पोहोचलो. आईने जवसाच्या चटणीची डबी उघडली आणि म्हणाली, “मले काऊन आणलं बापा इथं? तुमाले भांडाले नागपूर कमी पडलं काय?”

दादा ताडकन उठून बाहेर गेला आणि लगेच परत आला. समुद्र आडवा आला होता.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलमध्ये मात्र आम्ही गप्प होतो. सावरकरांच्या कोठडीत उभे राहून शहाळ्यांचा विषय काढण्याइतके आम्ही निर्ढावलेले नाही. १९०६ साली पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. कैद्यांनी एकमेकांना पाहू-बोलू नये म्हणून प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची दारे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे उघडत, असे गाईडने सांगितले, तेव्हा वहिनी आणि माझी पत्नी विलक्षण लक्ष देऊन ऐकत होत्या.

फाटकाबाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, की मानेवाड्याच्या प्लॉटवर कधी बांधलेच, तर दोन्ही घरांची दारे समोरासमोर नकोत. पत्नीने तत्काळ मान डोलावली. सबंध सहलीत त्या दोघींचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि तेही पाठमोरे घर कोणाचे असेल हे दादाने विचारेपर्यंतच टिकले.