आराखड्यात जिव्हाळ्याला रकाना नसतो

शाश्वत शहरांची चर्चा निघाली की गाडी लगेच सौर पॅनेल, इलेक्ट्रिक बस आणि सांडपाण्याच्या पुनर्वापरावर जाते. हे सगळं हवंच. पण शहर टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी तिथल्या माणसांचा त्या जागेवर जीव आहे की नाही यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. भाबडं वाटत असेल तर पुढे वाचा.

मुद्दा निगा राखण्याचा आहे. ज्या जागेवर जीव जडलेला असतो तिथलं झाड वाळायला लागलं तर कोणीतरी पाणी घालतं, बाक मोडला तर तक्रार होते, पाडापाडीची नोटीस लागली तर माणसं आडवी येतात. सिमेंट, पोलाद आणि विटा बनवताना खर्च झालेली ऊर्जा इमारत पाडली की वाया जाते. त्यामुळे नांदती जुनी इमारत सांभाळणं हे बऱ्याचदा चकचकीत 'हरित' टॉवर बांधण्यापेक्षा पर्यावरणाच्या जास्त फायद्याचं असतं. आणि सांभाळतात लोक तेच, जे त्यांना आवडतं.

स्कॉटलंडचा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हा मूळचा जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर तो आणि त्याची बायको ॲना एडिनबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. स्वतः राहून, शेजाऱ्यांना हाताशी धरून सफाई, रंगरंगोटी, डागडुजी सुरू केली. (नकाशा काढण्याआधी तिथे राहून बघायचं, ही अट आजच्या सल्लागार कंपन्यांना घातली तर किती निविदा येतील?) पुढे १९१४ पासून त्याने भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिले, तेव्हाही त्याचा हेका तोच होता. सरसकट पाडून रुंद, सरळ रस्ते काढू नका. अगदीच मोडकळीला आलेली घरं तेवढी काढा, थोडी मोकळी जागा करा, बाकीची वस्ती नांदू द्या.

हे ऐकलं नाही की काय होतं, ते ॲमस्टरडॅमने पाहिलं. १९७५ मध्ये न्यूमार्केट भागात मेट्रोसाठी घरं पाडायला घेतली आणि दंगल उसळली. मेट्रो झालीच, पण त्याच पट्ट्यातून जाणारा मोठा रस्ता रद्द झाला आणि वस्ती जुन्या गल्ल्यांच्या धाटणीवर पुन्हा उभी राहिली.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सार्वजनिक गृहसंकुलाच्या अकरा मजली ३३ इमारतींचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पन्नाशीच्या दशकात बांधल्या आणि १९७२ पासून पाडायला घेतल्या. म्हणे लोकांना त्या कधी आपल्या वाटल्याच नाहीत. मला हे पटत नाही. तिथल्या अनेक जुन्या रहिवाशांनी त्या घरांबद्दल आपुलकीने सांगितलं आहे. देखभाल भाड्यातून व्हायची होती. शहराची लोकसंख्या घटली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं आणि लिफ्ट बंद पडल्या. जिव्हाळ्याने लिफ्ट दुरुस्त होत नाही, त्याला तिजोरीतून पैसे लागतात.

आणि जिव्हाळ्याचं कुंपणही होतं. 'आमच्या परिसराचं रूप बिघडेल' या एका वाक्यावर जगभर भाड्याची स्वस्त घरं अडवली गेली आहेत. न्यूयॉर्कच्या हाय लाइनची गोष्ट तर अजून अवघड. पडीक रेल्वेपूल वाचवायला १९९९ मध्ये दोन सामान्य नागरिकांनी संस्था काढली, २००९ मध्ये त्यावर सुंदर बाग खुली झाली आणि भोवती कोट्यधीशांचे टॉवर उगवले. शेजारच्या सार्वजनिक गृहसंकुलांतल्या लोकांसाठी आपण कमी पडलो, हे संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

म्हणून प्रेम कोणाचं मोजताय, हे बघायला हवं. घरमालकाचा आवाज आपोआप ऐकू जातो. भाडेकरू, फेरीवाले, सफाई कामगार, शाळकरी पोरं यांचाही कुठल्यातरी पारावर, कट्ट्यावर, पायऱ्यांवर जीव असतो; त्यांना मुद्दाम जाऊन विचारावं लागतं, तेही आराखडा छापून हरकती मागवायच्या आधी. 'हे उद्या नसलं तर काय चुकल्यासारखं वाटेल?' एवढाच प्रश्न पुरे.

उत्तरं एकमेकांशी भांडतील, हे गृहीत धरा. एकाला लाडकी वाहनतळाची जागा हवी असेल, दुसऱ्याला तिथून बसची मार्गिका. अशा वेळी मी बसच्या बाजूने.