पोलीस नव्हते ते, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही निवृत्त शिक्षक आहात असं लिहिलंय, म्हणून गुरुजीच म्हणतो. प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९४८ साली भारतीय फौजेनं निजामाच्या हैदराबाद संस्थानावर केलेल्या कारवाईला ('पोलीस ॲक्शन'ला) मी लेखात 'शेजारच्या राज्यावर स्वारी' म्हटलं, हा हुतात्म्यांचा अपमान आहे. पाच दिवसांत संस्थान कोसळलं असं लिहून मी मुक्तिसंग्राम मातीत घातला. आणि मुक्तिदिनाच्या तोंडावर 'ॲक्शननंतर जे झालं' त्या, मुसलमानांच्या हत्यांवरच्या, तीन ओळी उकरायचं काही नडलं नव्हतं. जाता जाता एक चुकलेली तारीखही दाखवलीत.

तारीख कबूल. निजामानं रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली ती १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी. निजामाचे सेनापती जनरल एल इद्रूस भारतीय फौजेच्या मेजर जनरल जे. एन. चौधरींना रीतसर शरण गेले ते १८ ला. मी दोन्ही एकाच दिवसात कोंबलं होतं.

'शेजारचं राज्य' हेही मागं घेतो. ते वाक्य लिहिताना मी सोलापुरात बसलो होतो, त्याचा परिणाम असेल. सोलापूरकराला तो शेजारच होता: मध्ये करोडगिरीचा (जकातीचा) नाका, पलीकडं हाली शिक्का (निजामाचं चलन), आणि आपल्याकडून कुणी गेला की 'मोगलाईतला आला' म्हणायचे. पण आपण मराठवाडेकर त्या शेजाराच्या घरात कोंडलेलो होतो. आतल्या माणसानं त्याला शेजारी म्हणू नये, हे तुमचं बरोबर.

मात्र 'पोलीस ॲक्शन' हा शब्द मी वापरणार नाही. आमच्या आज्जीला लिहिता येत नव्हतं, तरी ती 'ॲक्शनच्या आदल्या साली' असंच वय मोजायची. बोलण्यात तो शब्द राहू द्या. पण रणगाडे, टेम्पेस्ट विमानं आणि एक अख्खी आर्मर्ड डिव्हिजन घेऊन कुठले पोलीस येतात? ते नाव जगाला ऐकवायला होतं. निजाम सरकारची तक्रार ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडं गेली होती. 'लष्करी' म्हटलं असतं तर दोन देशांचं भांडण ठरलं असतं, 'पोलीस' म्हटलं की घरातला मामला. दिल्लीची ती अडचण मला समजते. पंचाहत्तर वर्षांनंतर ती आपण का वाहायची?

पाच दिवसांचं आता जरा सविस्तर बोलू, कारण इथं तुम्ही माझं वाक्य उलटं वाचलंत. १३ तारखेला पहाटे सोलापूरकडून फौज निघाली. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवला असता तर सप्टेंबरच्या त्या पाण्यात सगळी रांग अलीकडंच अडकून पडली असती. पूल शाबूत हाती लागला. सकाळी नऊच्या सुमारास गाड्या जळकोटला (आपलं नळदुर्गजवळचं, उदगीरकडचं नव्हे) आणि दुपारी उमरग्यात. तिकडं औरंगाबादनं दुसऱ्याच दिवशी मान टाकली. निजामाची फौज बावीस हजारांच्या आसपास, त्यातली धड शस्त्रं असलेली थोडकी. कासीम रझवीचे रझाकार (निजामाच्या बाजूची खासगी सशस्त्र दलं) संख्येनं दांडगे, पण भाला आणि ठासणीची बंदूक घेऊन रणगाड्यापुढं कोण किती टिकणार? निःशस्त्र गावावर चालून जाणं वेगळं.

पण गुरुजी, नुसत्या रणगाड्यांनी पाच दिवसांत राज्य पडत नाही. ते आधीच आतून पोखरलेलं होतं, आणि पोखरलं कुणी? संस्थानच्या सरहद्दीवरच्या, मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पांतल्या पोरांनी. नाके जाळले, ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असतानाही हे चालू होतं. गावोगावी निजामाचा हुकूम कागदावर उरला होता. म्हणून गावांतून फौजेला अडवायला कुणी बाहेर आलं नाही. पाच दिवस हा आकडा त्या पोरांचाच आहे. हे मी लेखात नीट लिहिलं नाही, तेवढा दोष माझा.

राहिल्या तीन ओळी.

आमच्या वाड्याच्या अंगणात पेव होतं, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. रझाकारीत आज्जी नऊ वर्षांची. रझाकार आल्याची हाळी उठली की पोरीबाळींना पेवात उतरवायचे. आधी कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर आत वारं नाही, थांबायचं. तळाशी ज्वारीचा कुबट वास, वर फळी, फळीवर गवऱ्या. ही गोष्ट ती न विचारता सांगायची. दुसरी मात्र खोदून विचारल्यावरच. ॲक्शननंतर आठवड्याभरात त्याच पेवात शेजारच्या मोमिनांची दोन लेकरं बसली होती, दोन रात्री. या वेळी हाळी आपल्याच लोकांची होती. लेकरांचा बाप परत आला नाही.

ॲक्शननंतरच्या या हिंसाचाराची पाहणी करायला पंडित सुंदरलाल समितीला नेहरू सरकारनंच पाठवलं होतं. तिचा कमीत कमी अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा, आणि सर्वांत जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड. (तुमचं लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं.) अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवला. त्यात रझाकारांचे अत्याचारही आहेत, आणि मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतः झळ सोसलेले हिंदू विणकरही. 'एकाच बाजूचं लिहिता' असं तुम्ही म्हणता, म्हणून हे सांगितलं.

सणाच्या दिवशी नको, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण इतर दिवशी हा विषय कोण काढतं, तुम्हीच सांगा.

लेखात १८ तारीख घातली आहे. 'शेजारच्या राज्यावर स्वारी' काढून 'लष्करी चढाई' केलंय. सरहद्दीवरच्या कॅम्पांचा परिच्छेद वाढवला. त्या तीन ओळी आहेत तिथंच आहेत. खाली पेवाच्या दोन जोडल्यात.