"२०५० ला मुंबई कायमची बुडणार" असं तो नकाशा सांगत नाही

ग्रुपवर परत हाच मेसेज नकाशासकट फिरतोय. नकाशा क्लायमेट सेंट्रल या अमेरिकेतल्या हवामान संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासातला, अभ्यास खराच आहे, पण त्यात म्हटलंय की त्या जागा २०५० पर्यंत वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली असतील, कायम पाण्यात नाही, आणि किनाऱ्यावरच्या भिंती-बंधारे त्यात धरलेलेच नाहीत.

म्हणून निवांत बसायचं असंही नाही हां. मुंबईची खरी गोची पावसाच्या पाण्याची आहे, नाल्यांची समुद्रात उघडणारी बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, मोठी भरती आली की समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून त्या तोंडांवरचे गेट बंद करावे लागतात आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला तर पाणी पंपानेच उपसायचं, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हची पंपिंग स्टेशनं त्यासाठीच बांधलीत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या अंदाजाने २०५० पर्यंत समुद्र जगभरात सरासरी १५ ते ३० सेंटिमीटर चढेल, वीतभरच, पण तेवढ्यानेही गेट जास्त वेळा बंद राहणार.

"पालिकेकडे प्लॅनच नाही" हेही चुकीचं, मार्च २०२२ मध्ये क्लायमेट अॅक्शन प्लॅन आलाय, त्यात पुराचा वेगळा विभाग आहे. त्यातलं आपल्या वॉर्डात काय झालं ते विचारा, नकाशा फॉरवर्ड करू नका प्लीज.