टँकरचा हिशेब आणि ईमॅक्सची परवानगी

मजकूर लिहिण्यासाठी घेतलेल्या साधनाने आपल्याला निमूटपणे मजकूर लिहू द्यावा, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. पान उलटण्यापूर्वी 'हे पान उलटण्याची आपली खरोखरच इच्छा आहे काय?' असे वही कधी विचारत नाही. मी मात्र टिपणे ठेवण्यासाठी ईमॅक्स हा संगणकावरील मजकूर-संपादक वापरतो आणि ईमॅक्स विचारतो.

हा संपादक वयाने ज्येष्ठ आहे. १९७६ साली एमआयटीत त्याची पहिली आवृत्ती आकाराला आली आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स १९८५ पासून वापरात आहे. साहजिकच कंट्रोल-सी म्हणजे 'कॉपी' हा पुढे सगळ्या जगाने मान्य केलेला संकेत त्याने आजतागायत मनावर घेतलेला नाही. त्याच्या पोटातील ऑर्ग-मोड ही टिपणांची व्यवस्था २००३ साली कार्स्टन डॉमिनिक यांनी लिहिली. हे गृहस्थ ॲम्स्टरडॅम विद्यापीठात खगोलशास्त्रज्ञ आहेत. ताऱ्यांभोवतीच्या धुळीतून ग्रह कसे घडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तेव्हा विखुरलेल्या टिपणांचेही काहीतरी घडवता येईल असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पुढे एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी त्यात बॅबेलची भर घातली आणि टिपणाच्या मधोमध प्रोग्रॅम लिहून तो तेथल्या तेथे चालवण्याची सोय झाली. वर मराठीत दोन परिच्छेद, खाली पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या चार ओळी आणि त्याखाली आपोआप उमटलेले उत्तर, असे हे मोहक चित्र आहे. प्रोग्रॅम यंत्रासाठी नव्हे, तर माणसाने वाचावा म्हणून लिहावा, असे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली मांडले होते. तो विचार मला मनापासून पटतो, आणि माझ्या हालांचे मूळही तेथेच आहे.

मी आमच्या हाउसिंग सोसायटीचा खजिनदार आहे. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, प्रत्येकाची पावती माझ्याकडे येते आणि महिनाअखेरीस दर फ्लॅटमागे किती रक्कम घ्यायची ते मला सांगावे लागते. तारीख, लिटर, रक्कम असे तीन रकान्यांचे कोष्टक मी टिपणात मांडले, त्याखाली बेरीज करून भागाकार करणारा पायथनचा तुकडा लिहिला आणि तो चालवण्यासाठी कंट्रोल-सी दोनदा दाबले. पायथनसाठी आवश्यक ते फंक्शन उपलब्ध नाही, असा निरोप खालच्या पट्टीत उद्गारचिन्हासह उमटला. बॅबेलला अनेक भाषा येतात. पण मुळात सुरू असते ती फक्त ईमॅक्सची स्वतःची लिस्प. बाकीच्या भाषांची शिफारस आपण सुरुवातीच्या फाइलमध्ये करायची असते आणि ती शिफारसही अर्थातच लिस्पमध्ये करावी लागते.

शिफारस मंजूर झाल्यावर परवानगीचा प्रश्न आला. हा तुकडा तुमच्या संगणकावर चालवू काय, असे ईमॅक्स दर वेळी विचारतो आणि उत्तरादाखल 'येस' हा शब्द तीनही अक्षरांनिशी टाइप करावा लागतो. नुसते 'वाय' दाबून भागत नाही. यामागचे कारण रास्त आहे, कारण परक्याकडून आलेल्या टिपणात सगळ्या फाइली पुसणारी एखादी ओळ दडलेली असू शकते. माझी अडचण वेगळी होती. टिपण मराठीत असल्यामुळे कळफलक इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर होता. त्यावर वाय म्हणजे ब, ई म्हणजे काना आणि एस म्हणजे मात्रा. मी 'येस' म्हणून जे टाइप केले ते पट्टीत 'बाे' असे उमटले आणि कृपया येस किंवा नो असे उत्तर द्यावे, अशी विनंती ईमॅक्सने केली. तेव्हा निदान नकार तरी द्यावा म्हणून 'नो' टाइप केले, तर 'लद' उमटले. पुन्हा तीच विनंती. होकारही पोहोचत नाही आणि नकारही पोहोचत नाही, अशी परिस्थिती मी याआधी फक्त लग्न ठरवण्याच्या बैठकींत पाहिली होती.

कंट्रोल-सीची तर याहून वाईट गत होते. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म असल्यामुळे ईमॅक्सपर्यंत कंट्रोल-म पोहोचते, आणि असा कोणताही आदेश नाही असे तो थंडपणे कळवतो. यावर उपाय आहे. संगणकाचा कळफलक इंग्रजीतच ठेवून ईमॅक्सच्या स्वतःच्या देवनागरी लेखनपद्धतीने लिहिले, तर अक्षरे मराठी उमटतात आणि कंट्रोलच्या कळाही शाबूत राहतात. हे ज्ञान मला झाले आहे, पण बोटांना अद्याप झालेले नाही.

अखेर 'येस' पोहोचले, तुकडा चालला आणि कोष्टकाखाली उत्तर उमटले: 'नन', म्हणजे पायथनच्या भाषेत 'काहीच नाही'. महिनाभराच्या टँकरचा खर्च, नन. "अहो, सेक्रेटरींचा फोन आला होता, आकडा झाला का म्हणून विचारत होते," असे सौभाग्यवतींनी आतून विचारले. झाला आहे, पण तो सांगण्यासारखा नाही, असे मी म्हणालो. कारण शोधले तेव्हा कळले की बॅबेल पायथनचा तुकडा गुपचूप एका फंक्शनच्या आत गुंडाळून चालवतो, म्हणून शेवटी 'रिटर्न' लिहिल्याखेरीज त्यातून काही बाहेर पडत नाही. मी 'रिटर्न' लिहिले. त्याच सुमारास, वरच्या तुकड्यातली नावे खालच्या तुकड्याला कळावीत म्हणून मी 'सेशन' ही सोय सुरू केली. सेशनमध्ये मात्र गुंडाळणी नसते, त्यामुळे 'रिटर्न' फंक्शनच्या बाहेर आहे, अशी तक्रार पायथनने केली. म्हणजे सेशन नसताना 'रिटर्न' गाळले तर उत्तर नाही, आणि सेशन असताना ते लिहिले तर गुन्हा. शिवाय 'आउटपुट' असा पर्याय दिला, तर दोन्हीकडे फक्त 'प्रिंट' केलेलेच दिसते. या तिन्ही नियमांना सबळ कारणे आहेत आणि ती मी कोणालाही समजावून सांगू शकतो. आमच्या इमारतीत त्यासाठी अद्याप कोणी थांबलेले नाही.

आकड्यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. टिपण मराठीत, म्हणून रकमाही देवनागरीत. बॅबेलला त्या संख्या वाटत नाहीत. तो त्या अक्षरे म्हणून पुढे पाठवतो आणि अक्षरांची बेरीज करण्यास पायथन नकार देतो. गंमत म्हणजे त्याच पायथनला 'इंट' करून, म्हणजे पूर्णांक समजून वाचायला सांगून, विचारले, तर तो देवनागरी १२०० मुकाट्याने बाराशे म्हणून वाचतो. ईमॅक्सच्या लिस्पला त्याच अक्षरांची संख्या करायला सांगितले, तर उत्तर शून्य येते. माझा पायथनविषयीचा आदर त्या दिवशी वाढला.

आकडा एकदाचा मिळाला. आता तो अध्यक्षांना पाठवायचा होता. पीडीएफ करावी तर ऑर्ग ज्या लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची मदत घेतो, त्याच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरी अक्षरांची सोय नसते. म्हणून मी वेबपानाचा मार्ग धरला. सुबक पान तयार झाले आणि मी ते पाठवून दिले. थोड्याच वेळात अध्यक्षांचा फोन आला. "खजिनदारसाहेब, फारच छान झालं आहे," ते म्हणाले, "फक्त ते इंग्रजीतलं काहीतरी दिसतंय आणि रक्कम दिसत नाही." त्यांचे बरोबर होते. बॅबेलची मूळची रीत अशी की बाहेर पाठवायच्या प्रतीत तुकडा जातो आणि त्याचे उत्तर घरीच राहते. उत्तरही जावे असे वाटत असेल, तर 'एक्स्पोर्ट्स'पुढे 'बोथ' असे लिहावे लागते. आणि ते लिहिले की पाठवणी करताना ईमॅक्स तुकडा पुन्हा चालवू पाहतो आणि अर्थातच पुन्हा परवानगी मागतो.

एवढे होऊनही मी हे सोडले नाही, कारण मे महिन्यात टँकरवाल्याने मागील तारखेपासून दर वाढवला. मी कोष्टकातल्या रकमा बदलल्या, कंट्रोल-सी दोनदा दाबले, 'येस' म्हटले आणि बेरीज, दर फ्लॅटचा वाटा, वाढीव फरक हे सारे एका दमात बदलले. वरच्या परिच्छेदात मी कारणे लिहून ठेवलेलीच होती, त्यामुळे 'हा फरक कसला?' असे विचारणाऱ्याला तेच पान दाखवता आले. कागदावरच्या हिशेबाला हे कधी जमले नसते. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो घरात कोणाला सांगावा हे मात्र सुचले नाही.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी पदमुक्त होण्याची इच्छा व्यक्त केली. दोन तरुण सभासद तयारही होते. त्यांनी हिशेबाची फाइल मागितली, मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांतल्या एकाने काही तरी 'कॉपी' करण्याच्या हेतूने कंट्रोल-सी दाबले. पुढची कळ येण्याची वाट पाहत ईमॅक्स थांबला. तोही थांबला. मग त्याने लॅपटॉप हलकेच माझ्याकडे सरकवला, "काका, तुम्हीच बघा," असे म्हटले, आणि माझी खजिनदारपदी एकमताने फेरनिवड झाल्याची नोंद सेक्रेटरींनी इतिवृत्तात केली. इतिवृत्त ते वहीत लिहितात.