टिपलर, होमर आणि सोलापूरचा मे महिना

परवा एका पोराने मेसेज टाकला, दादा उन्हाळ्यात टिकणारी कबुतराची जात सांगा, तासन्‌तास हवेत राहणारा टिपलर घेऊ का आपल्याकडची उंच उडणारी टेडी. दोन ओळीत उत्तर जमेना म्हणून इथेच लिहितोय, लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

टिपलरचं खूळ मलाही लागलं होतं. २० तासांच्या वर हवेत राहिल्याचे रेकॉर्ड आहेत म्हटल्यावर आपल्या ढाबळीत पाहिजेच ना. दोन जोड आणले, किती पैसे दिले ते घरी अजून माहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत अशी उडाली की गल्लीतली पोरं गच्चीवर यायची बघायला. मग मी शहाणा, मे महिन्यात सकाळी ६ ला सोडली. नऊपर्यंत सगळं झकास, त्यानंतर घेर लहान लहान होत गेला, आणि दहाच्या सुमारास एक मादी शेजारच्या पत्र्यावर उतरली. सोलापुरातला मे मधला पत्रा, बाकी काही सांगायला नको. शिडी लावून वर पोचलो तर चोच उघडी, गळ्याखालचं कातडं लटलट हलतंय, पाय हाताला गरम लागत होते. सावलीत आणली, वाटीत चोच बुडवली तरी पाणी ओढेना. दुपारपर्यंत गेली.

आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, जुने शौकीन, मिलमध्ये कामाला होते. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, तुझं पाखरू वर का जात नाही बे?

सगळी मेख तिथेच आहे. टिपलर घडला उत्तर इंग्लंडात, मॅकल्सफील्ड, शेफील्ड त्या बाजूला. तिकडे जूनमध्ये पहाटे चारला उजाडतं ते रात्री दहापर्यंत उजेड, आणि ऊन म्हणजे आपल्याकडची थंडीतली दुपार. वर त्यांच्या स्पर्धेचा नियम असा की थवा एकत्र पाहिजे आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ नजरेआड गेला की बाद. म्हणजे पिढ्यानपिढ्या निवड कुणाची झाली? जे नजरेच्या टप्प्यात राहतं त्याची. आपल्याकडच्या हायफ्लायरचं बरोबर उलटं, इथे पाखरू ठिपका व्हावं, तारा व्हावं, दिसेनासं व्हावं यातच मजा. आणि वर हवा गार असते, हजार मीटरवर गेलं की ६ ते १० अंश कमी. खाली ४२ असताना ते तिथे तिशी-पस्तिशीत तरंगतंय आणि आपण खाली गच्चीवर घाम पुसतोय.

कबुतराला घाम येत नाही. अंगाचं तापमान मुळातच ४१-४२, उडताना स्नायू जेवढी ताकद लावतात त्याच्या कितीतरी पट उष्णता तयार होते, ती बाहेर टाकायची कशी तर धापा टाकून, गळा हलवून आणि कातडीतून वाफ सोडून. तिन्हीला पाणीच लागतं. म्हणून रात्रीचं आणि सोडायच्या आधीचं पाणी मी स्वतः बघतो, बदाम-पिस्त्यांचा खुराक नंतर. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री कसल्या कसल्या गोळ्या चारणारे बहाद्दर आहेत त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं, मेलेलं पाखरू दुसऱ्या दिवशी कुणी स्टेटसला ठेवत नाही.

होमरला, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणाऱ्या निरोप्या कबुतराला, मात्र उगाच नावं ठेवू नका. लोक म्हणतात होमरला दम नाही, दोन चकरा मारून छतावर येतो. अरे त्याचं काम घिरट्या घालायचं नाहीच, तो सरळ घराकडे सुटतो, ४००-५०० ग्रॅमचं अंग, सारखं पंख मारत. ओडिशा पोलिसांच्या कबुतरांनी १३ एप्रिल १९४८ ला नेहरूंचा निरोप संबलपूरहून कटकला पोचवला होता, पाचेक तासांत, तोही एप्रिलच्या उन्हात. त्याला घरावर दहा तास घिरट्या घाल म्हणणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपल्यासारखं.

अजून एक, पांढरं कबुतर उन्हात जास्त टिकतं असं सगळेच छातीठोक सांगतात. मीही सांगायचो. १९७८ साली कबुतराच्याच काळ्या आणि पांढऱ्या पिसांवर प्रयोग झाला होता, वारा नसताना काळं जास्त तापलं हे खरं, पण वारा वाढला आणि पिसं फुललेली असली तर काळ्या पिसाखाली उष्णता उलट कमी पोचली. ऊन वरच्या थरातच अडकतं आणि वारा ते घेऊन जातो. छतावर बसलेल्या पाखराचं वेगळं आणि हवेतल्याचं वेगळं, तेव्हा रंगावरून भांडणं बंद करा राव.

तर पोरा, टेडी, कमगर, फिरोजपुरी या नावांवर जाऊ नको, त्या नावाखाली आज काहीही विकतात. आईबाप मे महिन्यात उडताना स्वतः बघ आणि किती तास यापेक्षा किती वर ते बघ. टिपलर पाहिजेच असेल तर खुशाल घे, दिवाळी ते होळी उडव. आणि आजूबाजूला पत्रे किती आहेत ते आधी मोज, कारण वर कितीही गार असलं तरी उतरायचं खालीच आहे आणि ते नेमकं भर दुपारी. मी आता शेजारच्या पत्र्यावर ओली गोणपाटं टाकतो. काकू आधी लय भांडल्या, आता एप्रिल लागला की स्वतःच विचारतात, यंदा पोती कधी टाकतोस, खोली तापायला लागली.