हिरवा टँक ‘एका रात्रीत निळा’ करणाऱ्या संदेशाचा समाचार

गेले काही दिवस सांगली-साताऱ्यातल्या फार्महाऊस आणि कृषी पर्यटनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, पावसाळ्यात हिरवा पडलेला स्विमिंग टँक पाणी न उपसता एका रात्रीत निळाशार करण्याची कृती फिरते आहे. बादलीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि ॲसिड एकत्र करावे, ‘फेस उसळला की औषध तयार’ असे समजून ते टँकमध्ये ओतावे, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास जोर दुप्पट होतो, शेवाळ परतू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावे, क्लोरीन नको असेल तर मिठाच्या गोण्या रिकाम्या कराव्यात आणि सकाळी खुशाल पोहावे, अशी ती कृती आहे. तासगाव तालुक्यात द्राक्षबागेला लागून टँक बांधलेल्या माझ्या भाच्याने तो संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, दोन्ही माल आणून ठेवलाय, पंपरूममध्येच मिसळू का?’ त्याला जे सांगायचे ते फोनवर सांगून झाले. हे बाकीच्यांसाठी लिहितो आहे.

टीसीएल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि संदेशात ज्याला ‘फेस’ म्हटले आहे तो म्हणजे हाच वायू बुडबुड्यांनी बाहेर पडताना दिसतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडलेला वायू हाच होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे वर उडून न जाता खोलगट जागी साचतो, आणि आपल्याकडच्या फार्महाऊसवर पंपरूम म्हणजे बहुधा टँकच्या भिंतीलगत जमिनीत बांधलेली, लोखंडी झाकणाची, शिडीने उतरायची खोली असते. अशा खोलीत बादलीवर वाकून ढवळणाऱ्या माणसाला बाहेर पडायला शिडीच्या चार पायऱ्याही जड जातील. शिवाय हा सगळा उपद्व्याप निरर्थकही आहे, कारण शेवाळ मारण्यासाठी जो क्लोरीन पाण्यात राहायला हवा तोच आपण बादलीतून हवेत घालवत असतो. ज्याने कोणी हे लिहिले त्याने ती बादली स्वतः कधी ढवळलेली नसावी, एवढे मी खात्रीने म्हणतो.

यात अर्धे खरे एवढेच आहे की टँकला ॲसिडची गरज पडू शकते. पाण्याचा पीएच (आम्लपणा दाखवणारा आकडा; तो जितका चढा तितका आम्लपणा कमी) ७.५ असताना साधारण निम्मा क्लोरीन जंतू आणि शेवाळ मारणाऱ्या प्रभावी रूपात असतो, तर पीएच ८.५ वर गेल्यास जेमतेम दहावा हिस्सा तसा उरतो. बोअरचे कठीण पाणी आणि वर चुनकट टीसीएल असली की पीएच चढतोच. म्हणून आधी पीएच ७.२ च्या आसपास आणावा लागतो. पण ते ॲसिड वेगळ्या बादलीत, आधी पाणी घेऊन मग त्यात ॲसिड अशा क्रमाने पातळ करायचे, पंप चालू ठेवून टँकमध्ये सोडायचे, पाणी पुरते फिरू द्यायचे आणि मगच टीसीएलला हात लावायचा. एकत्र न मिसळण्याचा हाच नियम टँकसाठी मिळणाऱ्या नव्वद टक्क्यांच्या क्लोरीन गोळ्यांनाही लागू आहे. त्या आणि टीसीएल एका डब्यात कालवल्यास पेट घेऊ शकतात.

हायड्रोजन पेरॉक्साइडने जोर दुप्पट होतो, हा मुद्दा तर भर ऑलिम्पिकमध्ये जगासमोर निकालात निघालेला आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मारिया लेंक जलतरण केंद्रातला डायव्हिंगचा तलाव ९ ऑगस्टला हिरवागार झाला आणि पाठोपाठ शेजारचा वॉटर पोलोचा तलावही त्याच वाटेने गेला. आयोजकांनी नंतर दिलेला खुलासा असा होता की ५ ऑगस्टला एका कंत्राटदाराने त्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, त्यामुळे पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ झाला आणि शेवाळाला मोकळे रान मिळाले. ही दोन रसायने एकमेकांना खाऊन टाकतात. मागे उरते ते मीठ, पाणी आणि ऑक्सिजन. दोन पैलवान एकाच बाजूने लढतील या भरवशावर आखाड्यात उतरवावेत आणि त्यांनी एकमेकांनाच चीत करावे, तसा हा प्रकार आहे.

मोरचुदाबद्दल बोलायचे तर बोर्डो मिश्रणामुळे ते आपल्याकडे द्राक्षबागाईतदाराच्या घरी असतेच आणि तांब्याने शेवाळ मरते हेही नाकारता येत नाही. पण क्लोरीनप्रमाणे ते खर्ची पडत नाही. पाण्यात साचत राहते, पीएच चढला की भिंतींवर निळे-हिरवे डाग धरते आणि आजोबांचे पांढरे केस हिरवट करते. जंतूंचा वेगाने नायनाट करण्याचे क्लोरीनचे काम तर त्याला मुळीच जमत नाही. मिठाचे म्हणाल तर मिठाच्या टँकमध्येही विजेच्या यंत्राने मिठापासून क्लोरीनच बनवला जातो. यंत्राशिवाय नुसत्या गोण्या ओतून काहीही साधत नाही.

पाणी उपसू नका, एवढा एक सल्ला मात्र नाइलाजाने मान्य करावा लागतो. पलूस-वाळव्याच्या नदीकाठच्या रानात पावसाळ्यानंतर भूजल वर असताना टँक रिकामा केला, तर खालचा दाब त्याला उचलून तडे पाडू शकतो. मात्र वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या गोळ्या वापरून पाण्यात सायन्युरिक ॲसिड (गोळ्यांतूनच येणारे, फार झाले की क्लोरीनचा जोर कमी करणारे रसायन) फार साचले असेल, तर काही पाणी बदलण्यावाचून इलाज नसतो.

‘एका रात्रीत’ हा शब्द तर पूर्णपणे सोडूनच द्यावा. एक लाख लिटर पाण्यात दहा पीपीएम (दर लिटरला दहा मिलिग्रॅम) क्लोरीन आणायला एक किलो शुद्ध क्लोरीन लागतो, म्हणजे तेहतीस टक्क्यांची ताजी टीसीएल सुमारे तीन किलो. पाला जाळीने काढून, भिंती ब्रशने घासून, बादलीतल्या पाण्यात कालवलेल्या टीसीएलचा चुना खाली बसला की वरची निवळी संध्याकाळी टँकमध्ये सोडावी, कारण ऊन क्लोरीन खाते. शेवाळ तो क्लोरीन भराभर संपवते, म्हणून मोजत राहून मात्रा पुन्हा द्यावी लागते. ग्रामपंचायत पाण्यातला क्लोरीन तपासते त्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचा पिवळा रंग पिण्याच्या पाण्यासाठी आहे, एवढ्या मात्रेत तो काही सांगत नाही. हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी-दुधी दिसू लागले की शेवाळ मेले असे समजावे. पण मेलेले शेवाळ पाण्यातच तरंगत असते आणि ते वाळूच्या फिल्टरनेच निघते. मधूनमधून बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने वाळू धुणे) करत फिल्टर दिवसरात्र चालवावा लागतो. शेतीच्या फीडरवर दिवसरात्र थ्री फेज मिळत नाही, तेव्हा त्या हिशेबाने दिवस वाढणारच.

राहिले सकाळी खुशाल पोहण्याचे. खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नाही तोवर, पाण्यात क्लोरीन कितीही असो, कोणालाही उतरू देऊ नये. अशा पाण्यात पोर बुडाले तर काठावर उभ्या माणसाला ते दिसतच नाही.